वहाळातले मासे परत आणायचे आहेत. काय करू, काय नको?

वहाळकाठ | १७ फेब्रुवारी, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. लांजा तालुक्यात वडिलोपार्जित साडेतीन एकर आहे. निम्म्यात काजू, थोडे हापूस, खाली भाताचे दोन कुणगे आणि मधून वहाळ (ओढा). तो पुढे दोनेक किलोमीटरवर मुचकुंदीला मिळतो. मी डोंबिवलीत असतो, महिन्यातून एक फेरी होते. काकी तिथेच राहते.

लहानपणी मे महिन्यात आम्ही पोरं दिवसदिवस या वहाळात असायचो. चार कोंडी होत्या, प्रत्येकीला नाव. पाण्यात पाय सोडून बसलं की मळ्या मासे येऊन टाचेची कातडी टोकरायचे. दगड उलटला की मुरी, संध्याकाळी शिंगटी, नशीब असेल तर वाम. हे १९९०-९५ पर्यंतचं. आता डिसेंबर संपता संपता धार तुटते. दोन कोंडी गाळाने भरल्या, एकीच्या डोक्यावर २०१२ साली रस्ता आणि त्याखाली पाणी जायला मोरी आली. उरली एक. मागच्या मे महिन्यात तिच्यात टॉर्च मारून पाहिलं तर बेडकांची पिल्लं आणि गप्पी, बाकी शुकशुकाट.

मला तिघांनी तीन सल्ले दिलेत. जेसीबीवाला म्हणतो, एका दिवसात सगळा वहाळ दहा फूट खोल करून देतो. मत्स्यबीजवाला म्हणतो, रोहू-कटलाची हजार बोटुकली सोडा, दिवाळीला किलोकिलोचा मासा. काकी म्हणते, हात लावू नको, देवाचं पाणी आहे.

कोणाचं ऐकू? मासे विकायचे नाहीत. खायचेही नाहीत... बरं, फार खायचे नाहीत.

गरीवाला | १७ फेब्रुवारी, रात्री १०:१९

एकच प्रश्न. कधी येऊ?

सह्यवेडी | १७ फेब्रुवारी, रात्री ११:०५

काकींचं निम्मं ऐका, बाकी दोघांना चहा पाजून परत पाठवा.

रोहू-कटला हे गंगेच्या खोऱ्यातले, मोठ्या पाण्यातले मासे. तुमच्या वहाळात ते एक तर पहिल्या पुरात वाहून जातील नाहीतर मार्चमध्ये मरतील. आणि बोटुकलीच्या पिशवीत तिलापिया मिसळून आला तर तो मात्र जाणार नाही. तो एकदा पाण्यात शिरला की पिढ्यान्पिढ्या मुक्काम.

तुम्हाला मळ्या हवाय ना? मग मळ्याला काय लागतं ते बघा. तो दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. म्हणजे दगड हवेत, तेही गाळाने न माखलेले. वाहतं, गार, प्राणवायू भरपूर असलेलं पाणी हवं, म्हणजे सावली हवी. आणि मार्च ते मे तग धरायला एखादी तरी खोल कोंड हवी. मुरीला दगडाखालची पोकळी लागते. शिंगटीला काठाची मुळं, पडलेली फांदी, अंधार. हे सगळं एके काळी फुकट होतं. आपण ते 'साफ' केलं.

शेवटचं म्हणजे, मासे सोडायची गरज बहुधा नाही. मुचकुंदीत ते असतील. पावसाळ्यात वर चढायला वाट मिळाली की येतील. आधी वाट कुठे अडली आहे ते शोधा.

नांगरट | १८ फेब्रुवारी, सकाळी ७:४०

सह्यवेडीताई, राग मानू नका, पण जेसीबीला एवढी नावं ठेवू नका. आमच्याकडे (माण तालुका) जलयुक्त शिवारमध्ये नाला खोल आणि रुंद केला, तेव्हापासून विहिरीला एप्रिलपर्यंत पाणी आहे. त्याआधी टँकर यायचा. पाणी असलं की मासे येतात, साधा हिशोब आहे. मासे काय झाडावर राहतात का?

चिरेबंदी | १८ फेब्रुवारी, सकाळी ९:१५

@नांगरट, माणमधला हिशोब लांज्यात चालत नाही राव. तुमच्याकडे पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, नाला सपाट, खाली मुरूम. इथे तीन हजारांच्या वर पाऊस, वहाळाला तीव्र उतार आणि खाली जांभा. मी रत्नागिरीत स्थापत्यातली कामं करतो, असे खोल केलेले पऱ्ये पाहिलेत. एका पावसाळ्यात गाळ परत भरतो, वर काठ ढासळतात ते वेगळंच. मोठे धोंडे उचलून काठावर ठेवले की पाण्याचा वेग आवरायला कोणी राहत नाही. उन्हाळ्यात मग कोंड नाही, डोह नाही, नुसता रुंद उथळ पत्रा, आणि पत्र्यावरचं पाणी तापतंच.

चिपळूणला २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर वाशिष्ठीतला गाळ काढला, ती गरज वेगळी होती. तिथे माणसं बुडत होती. तुमच्या साडेतीन एकरात कोणी बुडत नाहीये.

@वहाळकाठ, मला मोरीत रस आहे. पाईप आहेत की स्लॅब? पाईप असतील तर खालच्या बाजूला पाईपाचं तोंड पाण्यापासून किती उंच आहे, टेप लावून सांगा.

मालवणी_मसालो | १८ फेब्रुवारी, दुपारी १:२२

आमच्याकडे मिरगाच्या पयल्या मोठ्या पावसात चढणीचे मासे येयत. रात्री बत्ती घेवन बापूस शेताच्या बांधार उभो रव्हायचो. घोट्याइतक्या पाण्यात मासे असे सळसळत येयत की आदी आवाज आयकाक येय, मगे मासो दिसा. पोटां अंड्यांनी तट्ट फुगलेली. त्येचा तिखला म्हंजे... ऱ्हवांदे, माका ऑफिसात भूक लागता.

पण आता कळता, आमी खाल्लो तो फुडल्या वर्साचो मासो. आजो सांगायचो, चढतो मासो धरू नये, उतरतो धरूचो. आयकलान कोणी? आमच्या व्हाळार आता बंधारो आसा, मासो बंधाऱ्याखाली डोक्या आपटत रवता आणि लोक थयच टोपले लावन बसतत. येक रात्र, टोपल्यो भरलो, व्हाळ रिकामो.

गरीवाला | १८ फेब्रुवारी, दुपारी १:३०

तिखल्याची पाककृती वेगळ्या धाग्यावर टाका भाऊ. इथे टाकलीत तर वहाळकाठचं व्रत मोडेल.

पेठकर | १८ फेब्रुवारी, दुपारी ४:०२

चढणीच्या माशांना आमच्याकडे, म्हणजे कर्जत-पेण भागात, वलगणीचे मासे म्हणतात. बाकी गोष्ट तीच.

एक अवांतर. मळ्या हे नाव साधं नाही. विल्यम सायक्स नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत फिरत होता. त्याने इथल्या माशांचं वर्णन १८३९ मध्ये प्रसिद्ध केलं, आणि शास्त्रीय नावं ठेवताना आपल्याच लोकांचे शब्द उचलले. म्हणून मळ्याचं शास्त्रीय नाव आजही 'गारा मुल्या' आहे. तसंच खुद्री, कोलूस, फुलुंगी, नुक्ता, संडखोळ. नाकावर शिंगासारखा उंचवटा असलेला तो नुक्ता. भीमा-कृष्णेच्या काठच्या ज्या कोणी कोळ्यांनी त्याला ही नावं सांगितली त्यांचा उल्लेख कुठे नाही, पण लॅटिनमध्ये ते अजून बोलतायत.

नांगरट | १८ फेब्रुवारी, दुपारी ४:१०

हे आवडलं. जेसीबीबद्दलचं मत कायम.

वहाळकाठ | १९ फेब्रुवारी, रात्री ९:३०

@चिरेबंदी, चुलतभावाला टेप घेऊन पाठवलं. सिमेंटचे दोन पाईप, प्रत्येकी तीन फुटी. पाईपाच्या ओठापासून खालच्या दगडापर्यंत २ फूट ३ इंच. पाईपातून पडणाऱ्या पाण्याने खाली खड्डा पडलाय आणि सिमेंटचा पायाही थोडा उघडा पडलाय.

मोरी आमच्या जमिनीच्या खालच्या हद्दीवर आहे. म्हणजे नदीतून येणारा प्रत्येक मासा आधी तिथेच पोचणार.

चिरेबंदी | १९ फेब्रुवारी, रात्री १०:०४

सापडला चोर. बोटाएवढा मासा सव्वादोन फूट उडी मारत नाही. गेली बारा-तेरा वर्षं तुमच्या वहाळात खालून नवीन मासा आलेलाच नाही. वर जे होते ते एकेका कोरड्या मे महिन्यात संपले.

मोरी तोडायची गरज नाही. खालच्या बाजूला दगडांच्या पायऱ्या करा. दोन माणसांनी पहारीने ढकलावा लागेल एवढा धोंडा घ्या, लहान घेऊ नका, जून पाहणार नाही. धोंडे आडवे सरळ रेषेत लावू नका. अर्धचंद्र करा, फुगवटा वरच्या अंगाला. म्हणजे पाणी मध्ये गोळा होतं, मधेच डोह पाडतं आणि काठ सुटत नाहीत. तळाचा थर अर्धा जमिनीत पुरा, फटीत लहान दगड ठोका. प्रत्येक पायरीची उंची वीतभरापेक्षा कमी, आणि दोन पायऱ्यांमध्ये कमरेएवढा नसला तरी गुडघ्याएवढा डोह. माशाला उडी मारायच्या आधी दम घ्यायला जागा लागते, आपल्याला दोन जिन्यांमध्ये चौक लागतो तशी. सगळ्यात वरच्या पायरीचं पाणी पाईपाच्या ओठाला टेकलं पाहिजे. सव्वादोन फुटाला पाच पायऱ्या धरा.

सिमेंट वापरू नका. पहिल्या पुरात एक-दोन दगड हलतील, ते परत बसवायचे.

सिएटलकर | १९ फेब्रुवारी, रात्री ११:४८

धागा वाचून हसू आलं, कारण आमच्या वॉशिंग्टन राज्यात याच मोरीवरून कोर्टबाजी झाली. रस्त्यांखालच्या मोऱ्यांनी सामन माशांची वाट अडली म्हणून इथल्या मूळनिवासी जमातींनी राज्यावर दावा लावला. करारानुसार आम्हाला मासेमारीचा हक्क आहे, मासेच येऊ दिले नाहीत तर हक्काचं काय करायचं, असा मुद्दा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मतं चार विरुद्ध चार पडली आणि खालचा निकाल कायम राहिला. राज्याला आता मोऱ्या बदलाव्या लागतायत, आणि खर्च प्रचंड आहे. लहान खाजगी वनमालकांसाठी २००३ पासून वेगळी योजना आहे, तिच्यात मोरी बदलायचा बहुतेक खर्च राज्य उचलतं.

अजून एक गंमत. पन्नास ते सत्तरच्या दशकात इथे ओढ्यांत पडलेले ओंडके 'माशांना अडथळा' म्हणून सरकारी खर्चाने उपसून काढले. नंतर कळलं की त्याच ओंडक्यांमागे डोह तयार व्हायचे. आता हेलिकॉप्टरने ओंडके आणून परत टाकतात.

गरीवाला | २० फेब्रुवारी, सकाळी ८:१५

आमच्याकडे ओंडका ओढ्यात टाकला तर संध्याकाळपर्यंत कोणाच्या तरी चुलीत.

तलाठ्याचा_मित्र | २० फेब्रुवारी, सकाळी ११:००

उत्साहाच्या भरात कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. 'माझा वहाळ' हा शब्द जपून वापरा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम २०: नदी, ओढे, नाले यांची पात्रं आणि त्यातलं पाणी, दुसऱ्या कोणाची मालकी सिद्ध नसेल तर, शासनाचं. सातबारा तुमचा, पात्र बहुतेक तुमचं नाही. हाताने चार दगड लावायला कोणी अडवणार नाही, पण मोरी ग्रामपंचायतीची आहे. आधी एक पत्र द्या, पोच घ्या. उद्या पुरात रस्ता खचला तर पहिलं बोट तुमच्या दगडांकडे जाईल.

आणि कोणी सुरुंग किंवा विष टाकून मासे मारत असेल तर त्याला १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून बंदी आहे. गावात हे कोणाला सांगून बघा, लोक तुमच्याकडे कसे बघतात ते कळेल.

रानवाट | २० फेब्रुवारी, दुपारी २:४५

विषाचा विषय निघालाच आहे तर बोलते. आमच्याकडे पूर्वी रामेठा किंवा कुंभ्याची साल ठेचून कोंडीत टाकायचे. मासे गुंगायचे, गाव मिळून धरायचं, वर्षातून एकदा. आता ब्लीचिंग पावडरची पिशवी. तिच्यात मासा, खेकडा, पाणकिडा, सगळं जातं. बॅटरीचा शॉक देणारे वेगळे. गावातल्या टवाळ पोरांना आवरल्याशिवाय दगड लावून उपयोग नाही.

हापूसवाला | २० फेब्रुवारी, संध्याकाळी ६:३०

रानवाट, टवाळ पोरं सोपं गिऱ्हाईक आहे. मी आंबा बागायतदार आहे, म्हणून आमच्या लोकांबद्दल बोलतो. मोहोर आला की फवारणी. सायपरमेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन, यातलं काही ना काही प्रत्येक बागेत मारलं जातं. ही औषधं माशांना अतिशय घातक, डब्यावर तसं छापलेलं असतं, वाचतो कोण. बागेतलं औषध उडून पाण्यात जातं ते थोडं. खरा घात होतो पंप आणि ड्रम धुताना. फवारणी संपली की गडी जवळच्या पाण्यावर जातो. जानेवारीत वहाळ आटत आलेला असतो, कोंडीत खोलीभर पाणी, त्यात ड्रम विसळला की संपलं. ब्लीचिंगवाला निदान मासे घरी तरी नेतो.

@वहाळकाठ, तुमच्या बागेत पंप कुठे धुतात?

वहाळकाठ | २० फेब्रुवारी, रात्री ९:५०

काकीला फोन केला. विचारलं, फवारणीचा पंप कुठे धुतो गडी?

काकी म्हणाली, "कोंडीवर. मग काय माझ्या न्हाणीत धुवेल?"

चार मिनिटं काही बोललो नाही. कोंडीत मासे का नाहीत म्हणून मी टॉर्च मारत फिरतोय आणि फवारणीचे पैसे दरवर्षी मीच पाठवतोय.

हापूसवाला | २० फेब्रुवारी, रात्री १०:११

वाईट वाटून घेऊ नका, माझ्याकडेही पाच वर्षांपूर्वीपर्यंत तेच होतं. उपाय दहा मिनिटांचा आहे. वहाळापासून लांब, बागेतच कडेला खड्डा काढा, धुण्याचं पाणी तिथे. आधी तेच पाणी शेवटच्या झाडांवर फवारून संपवलं तर उत्तम. वहाळाच्या दोन्ही काठांना निदान पंधरा फूट काहीही मारायचं नाही, तणनाशक तर नाहीच. त्या पट्ट्यातली तीन-चार कलमं कमी आंबा देतील. देऊ देत.

शहरी_शेतकरी | २१ फेब्रुवारी, सकाळी १०:२०

एक कल्पना. महसीर सोडले तर? लोणावळ्याला वळवणच्या तलावाजवळ टाटांचं महसीरचं बीजोत्पादन केंद्र कित्येक वर्षं आहे. आपलाच देशी मासा, दिसायला राजबिंडा. वाळणकोंडीला काळ नदीत देवीचे म्हणून जपलेत, लोक चुरमुरे टाकायला जातात.

सह्यवेडी | २१ फेब्रुवारी, दुपारी १२:०५

वाळणकोंड हे उत्तम उदाहरण आहे, पण तिथे कोणी मासे आणून सोडलेले नाहीत. आहेत ते मारले नाहीत, एवढंच. वाडा तालुक्यात तिळश्याला वैतरणेवरही तसंच. देवाच्या धाकाने डोह राखला गेला, म्हणून काकींचं निम्मं ऐका म्हटलं होतं.

'आपलाच देशी' यात मोठी मेख आहे. आपल्याकडचा खुद्री महसीर वर्षानुवर्षं कावेरीत नेऊन सोडला. हेतू चांगलाच होता. पण कावेरीचा स्वतःचा वेगळा महसीर होता, पाठीवर कुबड असलेला, प्रचंड वाढणारा. नवा मासा फोफावला आणि तो कुबडवाला मागे पडत गेला. २०१८ मध्ये तो 'अतिसंकटग्रस्त' यादीत गेला. तेव्हा एका खोऱ्यातला देशी मासा दुसऱ्या खोऱ्यात परकाच. आणि महसीर तुमच्या गुडघाभर वहाळात राहणार कुठे?

लहान माशांना कमी लेखू नका. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाच्या कुंडात बोटाएवढी मुरी सापडली, २०२० मध्ये तिला नवी जात म्हणून नाव मिळालं, शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी शासनाने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ केली. २.११ हेक्टर, एका मुरीसाठी. तुमच्या दगडाखाली काय होतं ते कोणी कधी नीट पाहिलंय?

मालवणी_मसालो | २१ फेब्रुवारी, दुपारी १२:४०

त्या आंबोलीच्या कुंडात लहानपणी आमी पाय धुतलो. आता धाक वाटता.

नांगरट | २१ फेब्रुवारी, दुपारी ३:१५

मग पाणी अडवायचंच नाही का? गोणी रचून केलेला वनराई बंधारा तरी चालेल की त्यातही पाप आहे?

चिरेबंदी | २१ फेब्रुवारी, संध्याकाळी ५:३०

चालेल, पण वेळ पाळायची. पाऊस गेला, धार बारीक झाली की ऑक्टोबर-नोव्हेंबरात घाला आणि मे संपायच्या आत काढा. गोणी तशाच सोडल्या तर जूनमध्ये प्लास्टिकच्या चिंध्या होऊन नदीत, आणि नाही फुटल्या तर चढणीच्या माशाला नवी भिंत. कडेला पाणी जायला एक बारीक सांड (वाट) ठेवा, खालचा वहाळ पूर्ण कोरडा पाडू नका.

पंचगंगा | २१ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:१०

आमच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचं तत्त्व तेच आहे की. पावसाळ्याआधी बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) काढायचे, पाऊस संपला की घालायचे. फक्त बर्गे वेळेत काढणारा माणूस पाहिजे, आणि काढलेले बर्गे चोरीला जाऊ नयेत!

रानवाट | २२ फेब्रुवारी, सकाळी ९:००

झाडांचं कोणी बोललं नाही. काठाला करंज, उंबर, वाळुंज लावा. पात्रातल्या दगडांत शेरणी आपोआप येते, ती उपटू नका, पुरात काठ तीच धरून ठेवते. उंबराची फळं पाण्यात पडतात, मासे त्यावर तुटून पडतात. नीलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ नको. आणि हापूसवाल्यांचा मुद्दा मान्य, पोरांच्या मागे लागण्याआधी स्वतःचा ड्रम बघायला हवा होता.

कोंडीला पंप लावता का उन्हाळ्यात? तोही बघा. सगळ्यात खोल कोंड उपसायची नाही, काजू सुकला तरी.

वहाळकाठ | २६ मे, रात्री १०:४०

धागा वर काढतोय. हिशोब देतो.

ग्रामपंचायतीला पत्र दिलं, पोच घेतली. सरपंचांनी विचारलं, यात अनुदान किती? नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला, परवानगी मात्र मिळाली. धुण्याचा खड्डा काढला. गडी म्हणाला, मासे नाहीतच तर कोणासाठी? त्याला या धाग्यातलं वाचून दाखवलं, पुढे काही बोलला नाही.

एप्रिलमध्ये तीन दिवस पायऱ्यांचं काम. मी, चुलतभाऊ, दोन गडी, पहारी, एक जुना दोर. पाच म्हणून ठरवल्या, सहा झाल्या, कारण दुसरी फार उंच झाली होती. चिरेबंदींनी फोटोवर तीनदा नापास केलं. तिसऱ्या दिवशी माझ्या अंगठ्याचं नख गेलं. गाळाने भरलेल्या दोन कोंडींपैकी एक घमेल्याने उपसली, धोंडे होते तिथेच ठेवले. दुसरीला हात लावला नाही, तिथे आता लव्हाळं आहे आणि काकीला ते आवडतं.

करंजाच्या बिया टाकल्यात. खोल कोंडीत आज साडेतीन फूट पाणी आहे. काठी बुडवून मोजलं. गप्पी अजून आहेत. शेजारच्या तात्यांनी विचारलं, एवढा खटाटोप करून मासे आले तर चढणीला आम्ही पाग (जाळं) टाकायचा की नाही? मी म्हटलं, पाणी सरकारचं, तुम्ही बघा. तात्या म्हणाले, सरकारला कुठे तिखलं लागतं.

गरीवाला | २६ मे, रात्री १०:४४

तात्या हा माणूस मला भेटलाच पाहिजे.

सह्यवेडी | २७ मे, सकाळी ७:३०

या वर्षी काही आलं नाही तरी खचू नका. खाली मुचकुंदीपर्यंत आणखी एखादी अडचण असू शकते, दोन किलोमीटर चालून बघा. गप्पींना मात्र पहिला पूर चांगलाच धुऊन काढेल, त्यांना आपल्या वहाळांच्या पुराची सवय नाही. जे जे आलेलं दिसेल त्याचं गावातलं नाव लिहून ठेवा, ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत जाऊ दे.

वहाळकाठ | १३ जून, पहाटे ५:२०

झोप नाही, म्हणून लिहून टाकतो.

काल दुपारी चारला पाऊस लागला. नऊपर्यंत वहाळ लालभडक, मोरीचे दोन्ही पाईप भरून वाहत होते, दगड दिसेनात. पायऱ्या गेल्या असं धरूनच चाललो. बारापर्यंत काही नाही. अडीचला पाऊस थांबला, पाणी उतरायला लागलं. काकी इरलं घेऊन आली, म्हणाली, तुझ्या बापासारखाच वेडा.

साडेतीनला दुसऱ्या पायरीच्या डोहात टॉर्च मारला तर बोटाएवढे आठ-नऊ. धारेत नाही, कडेच्या संथ पाण्यात, सगळ्यांची तोंडं वरच्या दिशेला. मग एकेक उडी. पडतात, फिरून त्याच जागी येतात. आणि सगळ्यात वर, पाईपाच्या ओठाशी, एक मळ्या. तो उड्या मारत नव्हता. ओल्या सिमेंटला तोंडाने चिकटून, धारेच्या कडेकडेने, एक बोटभर सरकायचा आणि थांबायचा. पोट हलताना दिसत होतं. अर्ध्यावर निसटला, खाली पडला, परत आला. उजाडेपर्यंत तीन पाईपात शिरलेले मी मोजले. काकीच्या मते चार.

चारच्या सुमाराला तात्या आले, खांद्यावर पाग. मी काही बोललो नाही. त्यांनी मोरीच्या कठड्यावर बसून माझा टॉर्च घेतला, बराच वेळ तो पाईपाचा ओठ बघितला, बिडी ओढली. पाग तसाच खांद्यावर. उठताना म्हणाले, "उतरतील तेव्हा बघू."

मालवणी_मसालो | १३ जून, सकाळी ६:०२

माझो आजो तुमच्या गावात कधी इल्लो?

गरीवाला | १३ जून, सकाळी ८:१०

उतरतील तेव्हा मीही आहे. तात्यांच्या शेजारी जागा धरा.

चिरेबंदी | १३ जून, सकाळी ८:४५

अभिनंदन वगैरे नंतर. तिसऱ्या पायरीचा डावीकडचा धोंडा जागेवर आहे का? फोटोत तो मला आधीपासून उपराच वाटत होता.

वहाळकाठ | १३ जून, सकाळी ९:०१

गेला. दहा फूट खाली आडवा पडलाय. रविवारी पहार घेऊन जातोय.